८ + ४ = □ + ५ : समान पदावल्या लहान मुलांना कशा शिकवाव्यात?

अबोली

तिसरी-चौथीच्या मुलांना गणित शिकवते. समान पदावल्या (३ + ५ आणि ६ + २ यांसारख्या, दिसायला वेगळ्या पण किंमत सारखी असलेल्या मांडण्या) सुरू करण्याआधी फळ्यावर एकच प्रश्न लिहिला:

८ + ४ = □ + ५

बहुतेकांनी चौकटीत १२ लिहिले. काहींनी १७. एका मुलीने पुढे आणखी एक बरोबरचं चिन्ह काढून ८ + ४ = १२ + ५ = १७ असं सगळं नीटनेटकं पूर्ण करून दिलं. बेरजेत यातलं कोणीच कच्चं नाही. ८ + ४ झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील.

धडा शिकवायची नेहमीची पद्धत अशी: डावी बाजू सोडवा, उजवी बाजू सोडवा, उत्तरं सारखी आली की मध्ये बरोबरचं चिन्ह द्या. मुलं ते करतात आणि त्यांना गुणही मिळतात. पण त्यांच्या लेखी ती दोन सुटी गणितं असतात, उत्तर तेवढं सारखं आलेली. मला हवंय ते वेगळं. 'उजवीकडे ४ च्या जागी ५ आले, म्हणजे एक वाढला, मग ८ मधून एक जायला हवा, म्हणून ७' हे मुलाने १२ हा आकडा तोंडातही न आणता सांगावं.

या वयाला ही अपेक्षा जास्त आहे असं मला वाटत नाही. उलट हे आत्ता झालं नाही तर पुढे बीजगणितात अडतं असं माझं ठाम मत आहे. तुम्ही कसं शिकवता? सुरुवात कुठून करता? पालक असाल तर घरी काय करता तेही लिहा.

पाटीपेन्सिल

१२ च येणार. पहिली-दुसरीच्या कुठल्याही सरावपुस्तकाची पानं चाळा. डावीकडे क्रिया, मग बरोबर, मग रिकामी जागा. दोन वर्षं मूल शेकडो वेळा हेच पाहतं. त्यातून त्याने काढलेला निष्कर्ष अगदी तर्कशुद्ध आहे: हे चिन्ह दिसलं की उत्तर लिहायचं. मुलांचा दोष शून्य.

म्हणून माझा उपाय साधा आहे. पहिलीपासूनच मांडणी बदलत राहायची. १२ = ८ + ४ असं लिहा. □ = ९ + ६ असं विचारा. ९ + ६ = □ + □ असं द्या आणि दहा मुलांकडून दहा वेगवेगळ्या जोड्या येऊ द्या. यासाठी वेगळा तास लागत नाही, वेगळं साहित्य लागत नाही. फळ्यावर लिहिताना बाजू बदलायची, एवढंच.

रानवारा

आमच्या दुसरीतल्या चिरंजीवांना ७ = ७ लिहून दाखवलं. म्हणाला, "बाबा, तू गणित लिहायचं विसरलास, नुसतंच उत्तर लिहिलंस."

गोगलगाय

रानवारा, मुलाला शाबासकी द्या! ७ = ७ हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न आहे. त्यावर मुलं खरंच भांडतात. सविस्तर लिहिते, पण जरा वेळाने.

शून्यलब्धी

अबोली, तुम्ही लिहिलेला प्रश्न गणितशिक्षणाच्या अभ्यासकांमध्ये प्रसिद्ध आहे. १९९९ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी नेमका हाच प्रश्न पहिली ते सहावीच्या मुलांना विचारल्याचं प्रसिद्ध केलं. सहावीची १४५ मुलं होती. त्यांतल्या एकानेही ७ लिहिले नव्हते. सगळ्यांची उत्तरं १२ किंवा १७. म्हणजे वय वाढलं की आपोआप कळेल, हे काही खरं नाही.

त्याच्याही आधी, १९८१ मध्ये, गणितशिक्षणाच्या अभ्यासक कॅरोलिन किरन यांनी यातला भेद मांडला होता. काही मुलांना हे चिन्ह 'आता क्रिया कर' असं सांगणारं वाटतं, तर काहींना ते दोन बाजूंमधला संबंध सांगणारं वाटतं. मूल पहिल्या समजुतीवर राहिलं, तर ३x + ५ = x + ११ समोर आल्यावर त्याने काय करायचं? उजवीकडे उत्तर नाहीच, तिथे आणखी एक पदावली बसलेली आहे.

आणि हे चिन्ह जन्माला आलं तेच संबंध सांगायला. १५५७ मध्ये वेल्सचा गणितज्ञ रॉबर्ट रेकॉर्ड याने ते पहिल्यांदा छापलं. 'च्या इतकेच आहे' हे शब्द पुन्हा पुन्हा लिहावे लागू नयेत म्हणून त्याने सारख्या लांबीच्या दोन समांतर रेषा घेतल्या. कारणही देऊन ठेवलं: याहून अधिक समान अशा दोन गोष्टी असूच शकत नाहीत.

(वरच्या समीकरणात x हे अक्षर सवयीने आलं, त्याऐवजी 'क्ष' वाचा.)

कडूनिंब

मला हा सगळा सूर पटत नाही. स्पष्टच लिहितो.

वीस वर्षांहून अधिक काळ शिकवतोय. ज्या मुलाला ८ + ४ करायला बोटं लागतात, त्याला ७ + ५ त्यात दडलेले दिसणार कुठून? त्याची सगळी शक्ती मोजण्यात जाते. आधी वीसपर्यंतच्या बेरजा-वजाबाक्या आणि पाढे जिभेवर हवेत. ते झालं की समानता दाखवायला एक आठवडा पुरतो. पाया न घालता संबंध, विचार, चर्चा असं सगळं आणलं की हुशार चार मुलं बोलतात, बाकीची त्यांच्याकडे बघत बसतात. मागे पडलेल्या मुलांना यातून काय मिळतं, ते कोणीतरी सांगा.

अबोली

@कडूनिंब, तुमचा शेवटचा प्रश्न रास्त आहे, तो मलाही पडतो. पण माझ्या वर्गातली मुलं बेरजेत तयार आहेत आणि तरी ती चुकली. म्हणजे पाठांतर आवश्यक असेल, पण पुरेसं नाही.

पाटीपेन्सिल

@कडूनिंब, 'आधी हे, मग ते' असं करायची गरज कुठे आहे? सराव द्याच, भरपूर द्या. फक्त तो कुठल्या मांडणीत देताय ते बघा. ९ + ८ = □ ऐवजी □ = ९ + ८ दिलं तरी बेरीज तीच होते. संशोधक निकोल मॅकनील आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये सात-आठ वर्षांच्या मुलांवर हेच करून पाहिलं. बेरजा त्याच, मांडणी उलटी. नेहमीच्या मांडणीत सराव केलेल्या मुलांपेक्षा या मुलांना समानता जास्त कळली. पाठांतर आणि समज या दोन्हींना एकाच कागदावर जागा आहे.

तिसरापहर

वाचतेय. वाखूसा (वाचनखूण साठवली).

गोगलगाय

आता सविस्तर. माझा वर्ग दुसरीचा.

मी फळ्यावर एक ओळ लिहिते आणि एवढंच विचारते: खरं की खोटं? वहीत काही लिहायचं नाही, आधी विचार करायचा, मग हात वर.

३ + ५ = ८. सगळे खरं म्हणतात.

८ = ३ + ५. निम्मे थबकतात. 'बाई, उलटं लिहिलंय.' उलटं लिहिलंय म्हणून खोटं आहे का, असं विचारलं की शांतता. मग कोणीतरी म्हणतं, इकडेपण आठ, तिकडेपण आठ, म्हणजे खरं.

८ = ८. इथे रानवारांच्या मुलासारखी उत्तरं येतात. 'यात अधिक नाहीच.' 'सोडवायचं काय?' मी मत देत नाही. अगदी मोह झाला तरी देत नाही. जो 'खरं' म्हणतो त्याने 'खोटं'वाल्यांना पटवायचं.

मग ३ + ५ = ५ + ३. मग ३ + ५ = ४ + ४. आणि इथे पहिल्यांदा ते घडतं. एक मुलगी उठून म्हणाली, "पाचातला एक तीनाला दिला. कुणी बाहेर गेलं नाही, कुणी आत आलं नाही." मला ही व्याख्या कुठल्याही पुस्तकातल्या व्याख्येपेक्षा जास्त आवडते. पुढचे कित्येक तास वर्ग तीच वापरत होता: 'कुणी आत आलं का? कुणी बाहेर गेलं का?'

एक महत्त्वाचं. खोटी वाक्यंही तितकीच हवीत. ३ + ५ = ८ + २ हे वाक्य जरूर द्या. उत्तर शोधण्याची सवय लागलेली मुलं याला डोळे झाकून 'खरं' म्हणतात, कारण ३ + ५ नंतर ८ दिसला. त्यावर जी चर्चा होते, तिथून पुढे अबोलींच्या मूळ प्रश्नात १२ लिहिणारे कमी होत जातात.

@कडूनिंब, मागे पडलेल्या मुलांबद्दल. माझा अनुभव तुमच्या भीतीच्या नेमका उलट आहे. खरं-खोटंमध्ये अगदी लहान संख्या चालतात. ज्याला मोजायचं आहे तो मोजून सांगतो, ज्याला दिसतं तो बघून सांगतो. दोघांनाही बोलायला जागा आहे. पटकन उत्तर सांगण्याच्या शर्यतीत जी मुलं कायम शेवटी असतात, ती इथे पहिल्यांदा तोंड उघडतात, कारण इथे वेगाला किंमत नाही.

कडूनिंब

हे 'कुणी आत आलं का' आवडलं. वापरून बघेन. पाढ्यांबद्दलचं मत मात्र कायम आहे.

भ्रमणध्वनी

थोडं अवांतर. मी संगणकाच्या क्षेत्रातला. आमच्याकडे बऱ्याच प्रोग्रामिंग भाषांमध्ये एक बरोबरचं चिन्ह म्हणजे 'ही किंमत इथे साठव' आणि दोन चिन्हं लागोपाठ म्हणजे 'या दोन गोष्टी सारख्या आहेत का ते तपास'. नवीन लोक पहिले काही महिने दोन्हींत गोंधळतात. वाचता वाचता वाटलं, तिसरीतल्या मुलांचा गोंधळ याच घराण्यातला आहे.

आणि कॅल्क्युलेटर! त्याच्यावरचं बरोबरचं बटण तर चक्क 'आता क्रिया कर' असंच आहे. ८ + ४ करून ते दाबा, १२. लगेच + ५ करून परत दाबा, १७. अबोलींच्या वर्गातल्या मुलीने वहीत जे लिहिलं, ते यंत्र तंतोतंत करतं.

उंबरठा

त्या मुलीच्या ८ + ४ = १२ + ५ = १७ बद्दल कोणीच लिहिलं नाही अजून. ही साखळी मोठ्या माणसांच्या हिशेबातही सर्रास असते. विचाराचा क्रम बरोबर असतो: आधी हे केलं, मग ते केलं. फक्त त्यासाठी चिन्ह चुकीचं वापरलं जातं, आणि मग कागदावर ८ + ४ आणि १७ समान ठरतात.

मी मुलांना सांगते, 'मग काय केलं' हे दाखवायचं असेल तर बाण काढा. ८ + ४ → १२, १२ + ५ → १७. बाण कितीही काढा, माझी हरकत नाही. पण दोन रेषांचं चिन्ह काढलंत की मी दोन्हीकडचं मोजून बघणार. मुलांना हा नियम फार पटकन पटतो आणि ती एकमेकांच्या वह्यांत चुका शोधायला लागतात. हो, फळ्यावर लिहिताना आपणही तोच पाळावा लागतो.

रानवारा

घरी करण्यासारखं काही साहित्य? तराजू आणावा म्हणतोय.

पाटीपेन्सिल

तराजू छानच. पण साध्या तराजूपेक्षा संख्यातराजू मिळाला तर बघा. आडव्या दांडीवर मधोमध आस, दोन्ही बाजूंना १ ते १० आकडे आणि प्रत्येक आकड्याखाली खुंटी. सगळी वजनं सारखी. डावीकडे ८ वर एक आणि ४ वर एक वजन अडकवा, उजवीकडे ५ वर एक. आता दुसरं कुठे अडकवलं की दांडी आडवी होईल? मूल १२ शोधायला जातं तर तिथे १२ नाहीच! मग ते एकेक खुंटी करून ७ वर पोचतं. गुणाकारही होतो: डावीकडे ४ वर तीन वजनं, उजवीकडे ६ वर दोन.

शून्यलब्धी

तराजूची मर्यादाही लक्षात ठेवा. बेरीज दिसते, गुणाकार दिसतो, पण वजाबाकी अडकवायची कशी? १५ − ७ = १४ − ६ हे त्यावर सरळ मांडता येत नाही. शिवाय मूल 'दांडी आडवी झाली' एवढंच बघतं, का झाली ते कधीकधी बघत नाही.

मला रंगीत पट्ट्या जास्त भावतात. बेल्जियमचे शिक्षक जॉर्ज क्विझनेर यांनी तयार केलेल्या, १ ते १० सेंटिमीटर लांबीच्या, प्रत्येक लांबीचा रंग ठरलेला. ८ ची तपकिरी आणि ४ ची जांभळी एकापुढे एक ठेवा. खाली ७ ची काळी आणि ५ ची पिवळी. टोकं जुळली. आता मधला सांधा बघा, तो एका सेंटिमीटरने सरकलेला दिसतो. 'एक इकडून तिकडे गेला' हे डोळ्यांना दिसतं. विकतच्या पट्ट्या हव्यातच असं नाही, पुठ्ठ्याच्या कापूनही काम भागतं.

उंबरठा

वजाबाकीचा विषय निघालाच आहे तर खरी मेख तिथे आहे, असं माझं म्हणणं. बेरजेत मुलं खूश असतात. ३७ + २८ दिलं की 'तीन इकडे दिले, ४० + २५, म्हणजे ६५' असं धडाधड सांगतात. मग तीच मुलं ५३ − २८ ला काय करतात? २८ ला दोन दिले, ३० झाले. ते दोन ५३ मधून काढले, ५१ झाले. ५१ − ३० = २१. खरं उत्तर २५.

मुलाची बाजू समजून घ्या. त्याने नियम नीट पाळलाय. एकाला दिलं तर दुसऱ्याकडून घ्यायचं, कुणी आत नाही, कुणी बाहेर नाही. तो नियम वजाबाकीत का चालत नाही, हे आपण दाखवलेलंच नसतं.

मी संख्यारेषा काढते. २८ वर एक खूण, ५३ वर एक खूण. वजाबाकी म्हणजे या दोन खुणांमधलं अंतर. आता २८ ची खूण दोन घरं पुढे नेली तर अंतर कमी झालं. ते पूर्ववत करायला ५३ ची खूण कुठे न्यायची? पुढे. म्हणजे ५५ − ३०. हे कळल्यावर मुलं दोन्ही खुणा एकदम सरकवत राहतात: ५४ − २९, ५५ − ३०, ४५ − २०, ३३ − ८. एकाच वजाबाकीची इतकी रूपं बघून ती चकित होतात. आणि मग प्रश्न विचारायचा की यातलं सगळ्यात सोपं कुठलं? समान पदावल्यांचा खरा उपयोग इथे आहे. अवघड रूपाच्या जागी तेवढ्याच किमतीचं सोपं रूप निवडता येणं. हातच्याची वजाबाकी टळते हा फायदा वेगळाच.

कडूनिंब

हे उत्तम लिहिलंय. ५१ − ३० ची चूक मी असंख्य वह्यांत पाहिली आहे आणि आजवर तिला 'धांदरटपणा' म्हणत आलो. ती धांदरटपणाची नाही हे पटलं.

गोगलगाय

उंबरठा यांना +१. संख्यारेषेबरोबर वयाचं उदाहरणही चालतं. दोन भावंडांच्या वयांतला फरक आज जेवढा, तेवढाच पाच वर्षांनी. दोघंही पाचाने वाढली. दुसरीतल्या मुलांनाही हे सांगावं लागत नाही, तीच सांगतात.

शून्यलब्धी

यात एक सुरेख जोडी आहे. बेरजेत एक संख्या जेवढी वाढवली तेवढी दुसरी कमी करायची. वजाबाकीत दोन्ही सारख्याच वाढवायच्या. आता गुणाकार-भागाकार बघा. १६ × २५ मध्ये एकाची निमपट केली तर दुसऱ्याची दुप्पट: ८ × ५०, पुन्हा ४ × १००, म्हणजे ४००. भागाकारात मात्र दोन्हींचं सारखंच करायचं: ८४ ÷ १२ = ४२ ÷ ६ = ७. बेरीज आणि गुणाकार एका गोत्रातले, वजाबाकी आणि भागाकार दुसऱ्या. चौथी-पाचवीत हे मुलांसमोर यायलाच हवं.

पाटीपेन्सिल

यावं, पण तक्ता करून भिंतीवर लावू नका ही कळकळीची विनंती. तक्ता लावला की मुलं चार नियम पाठ करतील आणि परीक्षेत कुठला कुठे हे विसरतील. गुणाकारासाठी ठिपके काढू द्या. ६ ओळी, प्रत्येकीत ४ ठिपके. मधोमध आडवं कापा, खालचा अर्धा भाग उचलून शेजारी ठेवा. ३ ओळी, प्रत्येकीत ८. एकही ठिपका हरवला नाही. ६ × ४ = ३ × ८ हे मुलाने स्वतःच्या कात्रीने सिद्ध केलं.

असाच आयत आडवा कापून तुकडे जागीच ठेवले तर वितरणाचा गुणधर्म. ७ × ८ येत नसेल तर ५ × ८ आणि २ × ८ येतं ना? ७ × ८ = ५ × ८ + २ × ८ = ४० + १६ = ५६. @कडूनिंब, तुमच्या पाढ्यांची सोय इथे आहे बघा. विसरलेला पाढा उभा करायची ही हक्काची वाट आहे.

भ्रमणध्वनी

पुन्हा जरा अवांतर होईल, पण कंचेभागुबेव (कंस, 'चे', भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी हा क्रम) बद्दल कोणीतरी बोला. मुलगी पाचवीत. १० − ३ + २ चं उत्तर ५ काढलं आणि वर मलाच समजावलं की 'बे' आधी येतो, 'व' नंतर, म्हणून ३ + २ आधी.

उंबरठा

हे अवांतर नाही, अगदी विषयाला धरून आहे. उत्तर ९. बेरीज आणि वजाबाकी एकाच पातळीवरच्या, त्या डावीकडून उजवीकडे येतील तशा करायच्या. भागाकार-गुणाकाराचंही तसंच: १२ ÷ ३ × २ म्हणजे ८, आणि १२ × ३ ÷ २ म्हणजे १८, दोन्हींत जे आधी येईल ते आधी. कंचेभागुबेव लक्षात ठेवायला सोपं आहे, पण अक्षरांचा क्रम शब्दशः घेतला की तुमच्या मुलीसारखं होतं. ती तर्काने वागली, तिला अपुरं सांगितलं गेलं.

मी तिला असं विचारेन: १० − ३ + २ आणि १० − (३ + २) या दोन पदावल्या समान आहेत का? दोन्हींची गोष्ट सांग. झाडावर १० पक्षी होते, ३ उडाले, २ आले. दुसरीत ३ उडाले आणि आणखी २ उडाले. गोष्टी वेगळ्या, म्हणून किंमत वेगळी. आणि उलट बाजूने, १८ − ५ − ३ आणि १८ − (५ + ३) यांची गोष्ट सांगितली की कळतं: एकात आधी पाच, मग तीन उडाले, दुसऱ्यात आठही एकदम उडाले. झाडावर उरले तेवढेच. कंस मुलांना अशा गोष्टीतून कळतो, नियमातून फार उशिरा कळतो.

भ्रमणध्वनी

पक्ष्यांची गोष्ट सांगितली. तिने लगेच १० + २ − ३ लिहून विचारलं, आधी आले आणि मग उडाले तरी तेच ना? हो म्हटलं. मग म्हणाली, पण तीनच पक्षी असते आणि पाच उडायचे असते, तर आधी यावेच लागले असते. अर्धा तास त्यावर गेला. धन्यवाद उंबरठा.

तिसरापहर

पालक म्हणून एक अडचण. घरी असं शिकवलं तर मुलगा परीक्षेत 'एक इकडून तिकडे' लिहून येतो आणि 'पायऱ्या दाखवल्या नाहीत' म्हणून गुण जातात. दोन्ही बाजू सोडवूनच दाखवा असा आग्रह असतो. अशा वेळी काय करायचं?

पाटीपेन्सिल

दोन्ही येऊ द्या. परीक्षेत ताळा म्हणून दोन्ही बाजू सोडवून दाखवणं काही वाईट नाही, त्याने खात्रीच होते. फक्त क्रम असा ठेवा: आधी बघून सांग समान आहेत का आणि का, मग सोडवून खात्री कर. आणि शिक्षकांशी एकदा शांतपणे बोला. बहुतेक शिक्षकांना मुलाचा विचार कळला तर आनंदच होतो.

गोगलगाय

मुलाला ते लिहायला शिकवा. ८ + ४ = ७ + १ + ४ = ७ + ५. ही झाली की पायरी! प्रत्येक ठिकाणी दोन्हीकडे तेवढंच आहे. विचार दिसतो आणि तपासणाऱ्यालाही पाय ठेवायला जागा मिळते.

अबोली

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. खरं-खोटं सुरू केलंय आणि ३ + ५ = ८ + २ वर वर्गात खडाजंगी झाली. 'कुणी आत आलं का' आता आमच्या वर्गातही पोचलं आहे.

मूळ प्रश्नाकडे परत येते. काही मुलं अजून दोन्ही बाजूंची बेरीज करूनच सांगतात. उत्तर बरोबर असतं, त्यामुळे 'असं करू नको' म्हणता येत नाही, म्हणूही नये. पण त्यांना संबंध दिसला की नुसता हिशेब केला, हे ओळखायचं कसं?

शून्यलब्धी

संख्या मोठ्या करा. ४५८६ + २३९१ = ४५८५ + □. जो बेरीज करायला बसेल त्याला बराच वेळ लागेल, जो दोन्ही बाजू बघेल तो २३९२ लगेच लिहील. मूल स्वतःच सोपी वाट शोधायला लागतं. आपण मना करायची गरज पडत नाही. आणि मध्येच ४६७ + २८९ − २८९ = □ टाकून बघा. बेरीज करायला पेन्सिल टेकवतात की नुसतं बघून हसतात, त्यावरून सगळं कळतं.

अजून एक. २००८ च्या एका अभ्यासात चीन आणि अमेरिकेतल्या सहावीच्या मुलांची तुलना होती. चौकटीचे असे प्रश्न जवळजवळ सगळ्या चिनी मुलांनी सोडवले, अमेरिकेतली बहुसंख्य चुकली. पुस्तकं तपासली तर फरक होता. चिनी पुस्तकांत हे चिन्ह लहान-मोठेपणाच्या चिन्हांसोबत, तुलना करतानाच पहिल्यांदा येतं. बेरीज नंतर. तेव्हा पहिलीतल्या शिक्षकांनी <, > आणि = ही तिन्ही एकत्र शिकवली तर तिसरीतलं अर्धं काम झालेलं असेल.

कडूनिंब

@अबोली, दोन प्रकार वर्गात करून पाहिले, ते सांगतो. ४५८६ चा प्रश्न आणि 'बेरीज न करता मला पटव' ही अट. पाढे कच्चे असलेल्या एका मुलाने सगळ्यात आधी हात वर केला. म्हणाला, एक तिकडे कमी झाला तो इकडे वाढवला. त्याला ४५८६ + २३९१ एवढी बेरीज कधी एका दमात जमली नसती. मी सुरुवातीला विचारलं होतं की मागच्या मुलांना यातून काय मिळतं, म्हणून मुद्दाम येऊन लिहिलं.

पण एक विचारतो. तो लगेच पुढे म्हणाला की हे कुठल्याही संख्येला चालेल. त्याला 'हो' म्हणायचं, की तपासायला लावायचं?

गोगलगाय

तपासायला लावा! कुठल्याही संख्येला म्हणजे शून्यालाही का, हे आधी विचारा. ५ + ० = ४ + १ सहज येतं. ० + ५ = □ + ६ दिलंत तर चौकटीत काय बसवायचं यावर वर्ग अडेल, शून्याच्या खाली काय हा प्रश्न निघेल. निघू द्या. उत्तर लगेच देऊ नका. पण जोपर्यंत द्यायला काही शिल्लक आहे तोपर्यंत का चालतं, ते मुलांना मण्यांनी दाखवता येतं. उदाहरणं दहा करून नाही, तर मणी किती आहेत हे झाकून ठेवून. 'या वाटीत कितीही असू देत, यातला एक त्या वाटीत टाकला तर एकूण बदलेल का?' ही सिद्धताच आहे, आणि ती दुसरीतलं मूल देऊ शकतं.

रानवारा

आमच्याकडे पुठ्ठ्याच्या पट्ट्या तयार आहेत. पोरगा आता बारा सेंटिमीटर किती प्रकारांनी जुळवता येतं ते मोजतोय. पुढचा प्रश्न त्याचाच: अर्धी पट्टी आणि पाव-पाव पट्टी हेपण बरोबर का?

शून्यलब्धी

हो, आणि त्याला स्वतंत्र धागा लागेल. अपूर्णांकांचा काढा, तिथे भेटू.

अबोली

काढते. पट्ट्यांचे फोटो तिथेच टाका, रानवारा.